एकाच नावाचे सहा ग्रीक

शिकागोतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी पुस्तकांच्या सूचीची कार्डं टाइप करायची नोकरी धरली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा हॉस्पिटलात आणि मी एम.ए. होऊन घरात, हे मला सोसेना. डेव्हन ॲव्हेन्यूवर बस पकडायची आणि दिवसभर खटखटायचं.

माझ्या वरच्या बाई साठी ओलांडलेल्या होत्या. प्राचीन ग्रीकांच्या कार्डांचे खण त्यांच्याकडे होते. एका खणात एकाच नावाचे सहा ग्रीक होते: एक शिल्पकार, एक चित्रकार, एक वैद्य, एक व्याकरणकार आणि दोन तत्त्वज्ञ. पुस्तकातला माणूस यांपैकी कोणता, हे बाई त्याच्या बापाच्या नावावरून, गावावरून, काळावरून ठरवायच्या. नाहीच ठरलं तर कार्डावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. चित्रकाराची तर सगळीच कार्डं तशी होती. पुराव्याशिवाय एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवायचं नाही, एवढंच त्यांनी मला पहिल्या दिवशी बजावलं.

हे मला कळत नव्हतं असं नाही. आमच्या मराठी मंडळातही एकाच नावाचे तिघे होते. त्यांना आम्ही हार्टवाला डॉक्टर, पूल बांधणारा पुलवाला आणि दाढीवाला म्हणायचो. पुलवाल्याची फजिती दाढीवाल्याच्या नावावर खपवली असती तर केवढं महाभारत झालं असतं. पण दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्याची तक्रार कोण करणार, अशी माझी अक्कल.

मग कॉम्प्युटर आला. ख्रिसमसपर्यंत सगळी कार्डं आत गेली पाहिजेत, असं लायब्ररीच्या साहेबांनी सांगितलं. पी हळद आणि हो गोरी. त्यानंतर आम्हा दोघींत एकच पक्की जागा राहणार होती, हे बाईंनाही ठाऊक होतं आणि मलाही. कॉम्प्युटर प्रश्नचिन्ह घेत नव्हता. बाई तशी कार्डं बाजूला ठेवून पुन्हा पुस्तकं उघडून बसायच्या. सहा ग्रीकांचा खण त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिला. मी प्रश्नचिन्हाचं एकूण एक कार्ड शिल्पकाराच्या नावावर चढवलं, कारण तो सगळ्यांत प्रसिद्ध. एका दुपारीत खण रिकामा झाला.

साहेबांनी माझा वेग सगळ्यांसमोर वाखाणला आणि बाईंच्या संथपणावर बोट ठेवलं. मी पुढचा खण ओढला. बाईंना निवृत्ती घ्यायला लावली आणि जागा मला मिळाली. निरोपाचा केक कापताना त्या साहेबांना म्हणाल्या की ही मुलगी भराभर करते आणि नीटही करते. मला तेव्हाच लाज वाटली होती. तरी मी केक खाल्ला.

वर्षभराने बाई वाचक म्हणून आल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रकार शोधला. तो कुठेच नव्हता. त्याची सगळी पुस्तकं शिल्पकाराकडे गेलेली. मी काउंटरवरून बघत होते. आता बाई ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याजवळ आल्या, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"म्हणजे ते दोघं एकच निघाले तर. मला इतक्या वर्षांत पुरावा मिळाला नाही. तुला कुठे सापडला?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाईंना इटालियन येत नाही, हे मला माहीत होतं.

"एका इटालियन पुस्तकात," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात दाबला. पुस्तकाचं नाव आणि पान कळव, असं सांगून पत्ता लिहून दिला. मी काय कळवणार होते? पुढे त्यांची दोन पत्रं आली आणि दोन्हींना मी उत्तर दिलं नाही. पहिल्यात लिहिलं होतं, कामात असशील, घाई नाही. दुसऱ्यात त्यांनी कळवलं होतं की ते पान स्वतः वाचता यावं म्हणून त्यांनी इटालियनचा क्लास लावला आहे.