बिननावाचा स्नॅपशॉट

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्यानंतर तो पूर्वीचा राहत नाही. माझ्या आयुष्यात तो आयुधपूजेच्या दिवशी सकाळी अकरा बेचाळीसला येऊन गेला. मी पूर्वीचाच राहिलो.

आधीच सांगतो — भूत, देवी, दृष्ट, लिंबू-मिरची... यांतल्या कशावरही माझा तेव्हा विश्वास नव्हता, आताही नाही. प्रतिक्रियांत 'आता तरी पटलं ना?' असं विचारू नका. पटलेलं नाही. घडलं तेवढं सांगतो.

साल दोन हजार सात. मी मूळचा साताऱ्याचा. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका कंपनीत स्टोरेज सांभाळायचो. कंपनी मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायची आणि ती सगळी सर्व्हर रूममधल्या कपाटाएवढ्या एका यंत्रात राहायची. यंत्रातल्या साऱ्या डिस्कची जागा एकत्र करतात, तिला पूल म्हणतात. कामाचा डेटा त्यात राहतो. शिवाय दर चार तासांनी स्नॅपशॉट निघतो — त्या क्षणी डेटा जसा होता तसा धरून ठेवायची सोय. कुणी चुकून फाइल उडवली, तर तिथून परत आणता येते. अडचण एवढीच, की स्नॅपशॉटही त्याच पूलमधली जागा खातात. आणि पूल भरला की सगळ्यांचंच काम ठप्प.

माझे वरिष्ठ राव सर तंजावरकडचे मराठी. मराठी बखरीतलं, बोलण्याची चाल तमिळ. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. तिकडे त्याच दिवशी ऑफिसातली यंत्रंही पुजतात, आणि हे खातं राव सरांचं. सकाळी त्यांनी स्टोरेजचं कपाट ओल्या फडक्याने पुसलं, चंदन-कुंकवाची बोटं लावली. हार घातला की नेहमीचा नियम — सर्व्हर रूमचा कीबोर्ड काढायचा, पिवळ्या कापडात बांधून सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवायचा, आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी शिवायचं नाही.

"तंबी, आज ह्याला हात लावूं नको पा. वर्षांत एक दिवस त्यालाही सुट्टी दे."

"सर, पूल चौऱ्याण्णव टक्के भरलाय. आज त्याला सुट्टी दिली तर उद्या तो आपल्याला देईल."

"उद्यां बघूं. सरि?"

'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ, 'पा' म्हणजे आपलं 'बाबा रे', आणि 'सरि' म्हणजे ठीक. मी 'सरि' म्हटलं आणि ते हार आणायला गेल्यावर लगेच कामाला बसलो. यंत्राला सुट्टी हवी असते हे मला मान्य नव्हतं. स्क्रीनवर त्यांचंच लॉगिन उघडं होतं. पूल आणखी भरू नये म्हणून आधी नव्या स्नॅपशॉटचं वेळापत्रक बंद केलं. मग जुने डिलीट करायला घेतले आणि तोऱ्यात यादीतले सगळेच निवडले. जुने, नवे, सकाळचा — सगळे. चूक लक्षात आली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि राव सर हार घेऊन दारात उभे होते.

एक नवा स्नॅपशॉट घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग काय केलं ते सांगावं लागलं असतं. मी उठलो. त्यांनी कीबोर्ड काढून कापडात बांधला. म्हटलं, एका दिवसात काय होणार आहे?

साडेअकराला पूजा. मॅनेजर सुब्रमणियन 'डेटा हीच आपली देवता' या विषयावर बोलले. देवतेच्या बॅकअपविषयी अवाक्षर नाही. अकरा चाळीसला आरती. राव सर ताट घेऊन माझ्या शेजारी, कीबोर्ड आमच्या डोळ्यांसमोर, बाकी सगळे हात जोडून. नंतर सुंडल — खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ — खाऊन ऑफिस सुटलं. आमची डिझायनर कल्याणी तेवढी जागेवर गेली, जुनी ड्रॉइंग्ज डिलीट केली, आणि घरी गेली.

दसऱ्याच्या सकाळी कळलं, की तिने जुनी ठेवली होती आणि नवी उडवली होती. नवी त्याच दुपारी ग्राहकाकडे जायची होती. बॅकअपच्या टेपवरची प्रत चार दिवसांपूर्वीची; नवी ड्रॉइंग्ज तिच्यात नव्हती.

"त्यात काय एवढं, कालचा स्नॅपशॉट द्या ना," ती म्हणाली.

सुब्रमणियन यंत्राकडून रोज मेलने येणाऱ्या नोंदींचा कागद घेऊन आले. "राव, काल साडेदहाला तुमच्या लॉगिनने सगळे स्नॅपशॉट डिलीट झालेत. घरी जायची एवढी घाई? मग आजच जा."

राव सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी केलं," मी म्हणालो. "लॉगिन त्यांचं, हात माझा. त्यांनी नको म्हटलं होतं."

"मग राजीनामा तुझा."

"आधीं यादी तरी उघडूं," राव सर म्हणाले. त्यांनी तसबिरीला नमस्कार करून गाठ सोडली, कीबोर्ड जोडला.

यादीत एक स्नॅपशॉट होता. कालची तारीख, अकरा बेचाळीस. नावाचा रकाना कोरा.

त्यात कल्याणीची सगळी ड्रॉइंग्ज होती. दुपारी ती ग्राहकाकडे वेळेत गेली. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. राव सर तीन महिन्यांनी ठरल्या दिवशीच निवृत्त झाले.

मी शोधायचं सोडलं नाही. वेळापत्रक बंदच होतं. बाहेरून कुणी लॉगिन केल्याची नोंद नाही, तो स्नॅपशॉट घेतल्याचीही नाही. यंत्राचं घड्याळ बरोबर. नाव न देता मी स्वतः दहा वेळा स्नॅपशॉट घ्यायचा प्रयत्न केला — यंत्र घेऊच देत नाही. यंत्र विकणाऱ्यांचा इंजिनिअर दोन दिवस नोंदी चाळून म्हणाला, "फर्मवेअर असेल." फर्मवेअर म्हणजे यंत्रात जन्मजात असलेलं सॉफ्टवेअर; आमच्या धंद्यात ते पूर्वजन्मीचं संचित.

"इतकं काय शोधतोस पा?" राव सर हसले. "सरस्वतीला सगळ्या भाषा येतात. तुझ्या कमांडा काय कठीण?"

"मग नाव का नाही टाकलं?"

"तूं साडेदहाला टाकलंस काय?"

तो स्नॅपशॉट प्रसाद म्हणून कायमचा ठेव, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सांगितलं, पूलमध्ये प्रसादाला वेगळी जागा नसते. वेळापत्रक मी पुन्हा सुरू केलं होतं. त्यात सात दिवसांपेक्षा जुना स्नॅपशॉट आपोआप डिलीट होतो.

आठव्या दिवशी झाला.