दोन बोटांची लाईन

आमच्या कडा गावात बद्रीनाथ पत्रेवाल्याचं दुकान कुणीही दाखवील. कोठ्या, चाळण्या, पेट्या. ऊसतोडीला निघणाऱ्या किती तरी घरांच्या पेट्या त्याच्याच हातच्या. मी तानाजी. त्याच्या शेजारी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं माझं दुकान हाय. त्यामुळं त्याच्या डोक्यातलं रेल्वेचं खूळ मी अगदी सुरुवातीपासून सोसलेलं हाय. त्याला खूळ म्हणायचा हक्क मला हाय, कारण त्याच्या इंजिनात मोटर मीच बसवली. दुसरं कुणी म्हणलं की माझं टाळकं सरकतं.

लहानपणी हा आईबापासंगं तोडीला जायचा. तिकडं पाचटाच्या कोपीसमोरून मालगाडी जायची अन् हा कोयता टाकून डबे मोजत बसायचा. आपल्याकडं मात्र रेल्वे निवडणुकीत यायची अन् निवडणुकीसंगंच जायची. शेवटी आष्टीपर्यंत खरीखुरी गाडी आली, त्या दिवशी बद्रीनाथ येड्यावानी रुळाकडंला उभा होता. घरी आला अन् खेळण्यायेवढी रेल्वे मांडायला ओसरीच्या भिंतीला फळ्या ठोकायला लागला.

फळीवर नगर, मग आमचं कडा, मग आष्टी. पत्र्याच्या बंडलाला बांधून येती ना, ती लोखंडी पट्टी त्यानं घासून रूळ म्हणून उभी केली. बाभळीच्या काड्यांना करवतीनं खाचा पाडून त्यांचे स्लीपर केले, खाचेत पट्टी बसवली अन् जोडाला कथील वितळवून डाक दिला. असले रूळ बाजारात तयार मिळतात का, हे आमी कधी इच्यारलंच न्हाई. मोजमाप म्हणाल तर आमच्या धंद्यात कोठीचं तोंड वितीनं अन् पत्र्याचा दुमड बोटानं मोजतात. दोन रुळांमधी दोन बोटं ठेवायची, झालं. त्याच्या पत्र्याच्या छोट्या इंजिनाची चाकं त्याच अंतरावर बसवली अन् गाडी नगरहून आष्टीला अशी पळाली की मी पण लहान पोरावानी टाळ्या वाजवल्या.

पण पठ्ठ्याचा हट्ट असा, की सरकारची गाडी जिथवर, तिथवरच याचे रूळ. आष्टीच्या पुढं एक काडी लावायचा न्हाई. गल्लीतले रिकामटेकडे येता-जाता टोमणे मारायचे, बद्रीची गाडी आष्टीतच म्हातारी होणार म्हणायचे. सगळ्यात पुढं बंकट किराणावाला. बद्रीनाथ हसून सोडून द्यायचा, मी मात्र दोनदा भांडलो.

अन् मग यंदा बातमी आली. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, सतरा सप्टेंबरला, बीडहून पहिली गाडी सुटणार. बद्रीनाथला काय करू अन् काय नको असं झालं. त्यानं जाहीर करून टाकलं की त्याच दिवशी, त्याच वेळेला माझी गाडी पण बीडात जाणार, सगळ्यांनी बघायला यायचं. ओसरी संपल्यामुळं भिंतीला भोक पाडून लाईन सैपाकघरात न्यायची ठरली. बीड स्टेशन पिठामिठाच्या डब्यांच्या फळीखाली. छबुवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, फक्त येवढंच बजावलं की भोकाचा धुरळा पिठात पडला तर दोघांना उपाशी ठेवीन.

भोक पडलं, फळ्या बसल्या, अन् ऐन वेळी पत्र्यानं घात केला. कोठीचं झाकण कापताना पत्रा निसटला अन् बद्रीनाथचा उजवा तळवा फाटला. टाके पडले. डॉक्टरनं हाताला काहीच धरू नको म्हणून सांगितलं. हा दिवसभर बाजंवर पडून छताकडं बघायचा. चहा दिला तर तोंड फिरवायचा. मला लई वाईट वाटायचं, अन् मोटारी भरणाऱ्याला डाक देता येतो पण असली नाजूक जुळणी जमत न्हाई, याचा रागही यायचा.

एका दुपारी वहिनींनीच काड्यांची पिशवी उचलली. ही बाई दुकानात नवऱ्याच्या बरोबरीनं डाक देती, हे मला ठाऊक होतं. रेल्वेला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. बद्रीनाथ बाजंवरून ओरडून सांगायचा, खाच खोल पाड, पट्टी तिरपी धरू नको, दोन बोटं ठेव. ती "व्हय व्हय" म्हणत करत राहायची. मधलं विघनवाडी स्टेशन झालं, सैपाकघरातलं मोठं वळण झालं, अन् सतरा सप्टेंबरच्या आदल्या दिवशी बीड लागलं. असं देखणं काम की मी दोन-तीनदा नुसतं बघायला गेलतो.

सतराला झेंडावंदन उरकून अर्धी गल्ली ओसरीत. हातात मोबाईल, त्यात बीडच्या स्टेशनातली गर्दी. बद्रीनाथनं डाव्या हातानं बटन दाबलं. नगर, कडा, आष्टी, अन् आष्टीच्या पुढच्या पहिल्याच जोडावर इंजिन आडवं पडलं. उचललं, जोड घासला, परत सोडलं, परत आडवं. बंकट खाकरला.

बद्रीनाथ चिडला. "छबू, दोन बोटं म्हणलो होतो ना मी?"

वहिनींनी दोन बोटं रुळांच्या मधी घातली. अगदी चपखल. मग त्यानं शेजारी आपल्या डाव्या हाताची दोन बोटं लावून बघितली, तर ती आत जाईनात. पत्रा बडवून बडवून एकेक बोट केळावानी जाड झालेलं. दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत राहिले. कुणाची बोटं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

वहिनींचा चेहरा उतरला. "उपटून टाका माझं," म्हणल्या.

मलाही तेच बरोबर वाटलं. नवीन लाईन त्याच्या मापानं परत जोडायला आम्ही सगळे लागलो असतो तर दिवस हातातनं गेला नसता. मी पक्कड आणून त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, अन् सैपाकघराकडं न जाता ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. नगर स्टेशनातला पहिला रूळ उपटला. मग दुसरा.

"काय करतो बे?" मी ओरडलोच.

तो म्हणला, "तिचं काम सरळ हाय. माझंच वाकडंतिकडं व्हतं, रोज दिसायचं मला."

तेवढ्यात मोबाईलमधी खरी गाडी सुटली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बंकटनं मोका साधून इच्यारलं, बद्री, तुझी कुठवर आली? बद्रीनाथनं मान वर न करता सांगितलं, "गाडी लेट हाय. लाईन बदलायचं काम चालू हाय." सगळ्या मुलखात अरुंद रुळांच्या छोट्या लाईनीची रुंद, मोठी झाली, हा शहाणा मोठीची छोटी करत होता. हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं, अन् सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

पुढचे दिवस आमच्या दोन्ही दुकानांची शटरं निम्मीच वर होती. वहिनी आपल्या बोटांनी रुळांमधलं अंतर धरायच्या, मी डाक द्यायचो, बद्रीनाथ एका हातानं काड्या पुरवायचा. इंजिनाची चाकं मी आसावर आत ठोकून घेतली. सगळी लाईन वहिनींच्या दोन बोटांत आली. मग एका सकाळी, गल्लीला न सांगता, बद्रीनाथनं इंजिन नगरात ठेवलं अन् बटन वहिनींना दाबायला लावलं.

गाडी निघाली. कडा गेलं, आष्टीचा जोड कळलासुद्धा न्हाई. भिंतीच्या भोकातून ती सैपाकघरात शिरली तसे आमी तिघं म्हातारे एकमेकांना ढकलत तिच्या मागं पळालो. मोठं वळण घेऊन गाडी डब्यांच्या खाली बीडात उभी राहिली. बद्रीनाथनं वाकून इंजिनावर हात फिरवला.

वहिनी मात्र वळणापाशीच कान लावून थांबल्या होत्या. म्हणल्या, "इथं कुरकुरती जरा. उद्या हे काढून परत बसवू."

बद्रीनाथ म्हणला, "काढू की." अन् तिथंच खाली बसून दोघं वळण कसं धरायचं यावर भांडायला लागले. माझ्याकडं कुणी बघेना. मला त्या माणसाचा लई हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.