डोंगलमधली ढोलकी

गेल्या रविवारी सकाळी आमच्या नाचणे गावातल्या घरी मी बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि भलताच प्रकार झाला...

आमचे बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. सिंगापूरहून आणलेले त्यांचे वायरवाले हेडफोन अजून ठणठणीत आहेत, पण हल्लीच्या फोनना वायर खुपसायला भोकच नसतं ना! साधा कन्व्हर्टर लावून बघितला, तर शेजारच्या घरात कोणीतरी गातंय असा आवाज.

म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायरवालं डोंगल मागवलं. बोटाएवढी डबी, एक टोक फोनच्या चार्जिंगच्या जागी, दुसऱ्या टोकाला हेडफोन. एवढ्याशा वस्तूने जुन्या हेडफोनना काय जोर येतो म्हणून सांगू... मी स्वतः आधी तासभर ऐकत बसले होते.

पण खरं सांगायचं तर हे सगळं गाण्यासाठी नव्हतंच. घरात अबोला चालू होता. आईचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून बाबा तिला हिंग लावून विचारत नाहीत. ती बोलत असते आणि हे आपले समोरच्या आंब्याच्या कलमाकडे बघत बसतात.

महिन्यापूर्वी संध्याकाळी पडवीत बसल्या बसल्या तिने त्यांना सरळच विचारलं, मी पनवेलला मुलाकडे जाऊन राहू का? बाबांनी उत्तरच दिलं नाही. झालं! आईने काय समजायचं ते समजून घेतलं आणि माळ्यावरून बॅग खाली काढली.

मी दोघांच्या मध्ये लटकलेली. म्हटलं, आवडीची गाणी ऐकून बाबा जरा माणसात येतील, मग बोलू. भाबडेपणा, दुसरं काय...

तर रविवारी मी त्यांचं आवडतं जुनं भीमगीत लावलं. जुन्या रेकॉर्डिंगची तऱ्हा अशी, की ढोलकी पूर्ण डाव्या बाजूला आणि क्लॅरिनेट पूर्ण उजवीकडे. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि मध्येच थांबले.

"ढोलकी कुठे गेली गो?"

मी म्हटलं, डाव्या बाजूला काही तरी बिघाड असणार, परत पाठवते. अ‍ॅप उघडलंसुद्धा. पण बाबांमधला फिटर जागा झाला. "आधी फॉल्ट शोधायचा, मग पार्ट फेकायचा. पार्टांची जागा बदलून बघ. फॉल्ट पार्टाबरोबर सरकला तर पार्ट खराब. जागेवर राहिला तर जागा खराब."

एवढं बोलून त्यांनी हेडफोन काढले आणि उलटे घातले. डावं उजव्या कानाला, उजवं डाव्याला.

"आता ढोलकी आली... क्लॅरिनेट गेली."

मला काही उमगेना. हेडफोन घेऊन मी ऐकलं, तर दोन्ही बाजू खणखणीत. बाबांनी ते पुन्हा घेतले, पुन्हा उलटसुलट करून बघितले. मग काढून मांडीवर ठेवले. "डोंगल चांगलं आहे. फॉल्ट माझ्यात आहे," म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

आई आत नारळ खवत होती. हे ऐकून ती हात पुसत बाहेर आली, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो."

बाबा समोरच बघत होते.

ती पुन्हा म्हणाली, "अहो, ऐकलं का?" काही नाही. मग तिला उमगलं. पडवीत काय, जेवताना काय, तिची जागा कायम त्यांच्या डावीकडे, कारण स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला आहे. "म्हणजे मी एवढे दिवस कोणाशी बोलत होते गो?" असं मला विचारून ती रडायलाच लागली. बाबा आपले घाबरून दोघींकडे बघत होते, हिला झालं काय म्हणून.

सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवाही थोडा कमी झालाय. इंजिनच्या आवाजाचा परिणाम असू शकतो, पण एकाच कानाला जास्त असल्यामुळे आणखी एक तपासणी करायची आहे. ऐकायच्या मशीनचं त्यानंतर ठरेल. बाबांना इतके दिवस कळलं कसं नाही, तर फोन उजव्याच कानाला लावायची सवय. आणि आमच्या आईचा आवाज मुळातच हळू, तो डावीकडून उजव्या कानापर्यंत पोचायचाच नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय असते, ती मी चालू करून दिली. आता ढोलकी आणि क्लॅरिनेट एकाच कानात नांदतात. डोंगल अर्थातच बाबांनी ढापलंय!

त्या सोमवारीच संध्याकाळी आईने पडवीतली आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजवीकडे नेऊन ठेवली. मी खिडकीच्या आत होते, कान टवकारून... खोटं कशाला बोलू. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, मी पनवेलला जाऊन राहू का?

बाबा दचकून वळले. "हे काय मध्येच? नको जाऊस गो. तू गेलीस तर मी ह्या घरात काय करू?"

आईने आत येऊन बॅग परत माळ्यावर टाकली. महिनाभर जे 'जा' ती मनाला लावून घेत होती, ते बाबांनी कधी म्हटलंच नव्हतं... वेळेत कळलं, एवढंच माझ्यासाठी पुष्कळ आहे.