भाऊजींच्या चंद्रीचा ढेकर

सुधारता येणार नाही अशी वस्तू देवाने घडवलेलीच नाही, या एका विश्वासावर आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आजवर जगत आले. सुरतजवळ पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये त्यांची हयात रंग जुळवण्यात गेली. शेड चुकली की रंग उतरवायचा आणि तेच कापड पुन्हा रंगवायचं, ही तिथली रीत. तीच त्यांनी घरी लावली. खारट वरणात गूळ, करपलेल्या भातात ताक आणि माझ्या संसारात सल्ला, असं दुरुस्तीचं काम अखंड चाले. तो भात मात्र कुणी खाल्ला नाही.

भेस्तानच्या घरामागे त्यांनी चंद्री नावाची गाय पाळली होती. सोसायटीला तिचा वास खपेना, म्हणून ती हलवा असा तगादा सुरू झाला. त्यातच सोसायटीच्या प्रमुखांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने भर मीटिंगमध्ये सांगितलं, की गायीच्या ढेकरांतल्या वायूने पृथ्वी तापते. दुसरा कुणी हजीऱ्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. भाऊजींना उलट आनंदच झाला, कारण कमी ढेकर देणाऱ्या गायी घडवायला शास्त्रज्ञ जनुकं बदलून बघताहेत, असंही ती म्हणाली होती. त्यांनी तिथल्या तिथे वर्षाची मुदत मागून घेतली. हे सगळं अजून परदेशातल्या प्रयोगशाळांत आहे, असं मी सांगून पाहिलं.

“येई. सुरतमा समदं येस,” ते म्हणाले.

मग चंद्रीने ढेकर दिला की तिच्या पाठीवर थाप मारून, आता थोडेच दिवस, अशी तिची समजूत काढणं सुरू झालं. गुरांच्या डॉक्टरला तर ते इतकं छळत, की शेवटी त्याने त्यांना खाटेवर बसवलं.

“काका, आ गाय तो आवी ज रहेशे,” तो म्हणाला. जनुकं बदलायची ती जन्माआधीच. सुधारलेली गाय नवी जन्मेल, चंद्री आहे तशीच राहणार.

भाऊजी बराच वेळ चंद्रीच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवत राहिले.

“मंग माले नको,” ते म्हणाले. “माले हाईज पाहिजे व्हती. दुसरी सुधारेल गाय लिसन मी काय करू?”

मुदत संपायला अवकाश होता, तरी त्या रविवारी त्यांनी स्वतःच टेम्पो बोलावला आणि चंद्रीला अमळनेरकडे आपल्या धाकट्या भावाच्या शेतावर पोचवलं. आता सोसायटीत वास नाही, तक्रार नाही. भाऊजी पिशवीच्या दुधाचा चहा पितात. तो कसाही झाला तरी ताईला काही सुचवत नाहीत, गुपचूप पिऊन कप खाली ठेवतात. मला त्याचंच फार वाईट वाटतं.