बदकात कोंबडी, कोंबडीत बटेर

मांस सोडलेल्या बाईने रविवारची सकाळ बदकाला टाके घालण्यात घालवली, असं कोणाला सांगितलं तर तो हसेल. हसू दे. मी जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं, आणि वेळ आली तर पुन्हा करीन.

आमचे हे जन्मभर प्लांटमध्ये होते, रोलिंग मिलच्या फर्नेसवर. तिथे पोलादाचे स्लॅब लाल होईपर्यंत तापवतात आणि मग लाटतात. सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमागच्या अंगणात यांची दुसरी भट्टी होती. जुना ड्रम उभा कापून, बिजागऱ्या लावून, आत जाळी बसवून यांनीच केलेली. रविवारी तिच्यावर कोंबडी भाजायची आणि मी कांदे कापत यांची बोलणी खायची, असा आमचा नेम. आगीजवळ उभं राहिलं की यांचा आवाज चढायचाच. कोळसा ओला आहे, मीठ कमी आहे, ताटं उशिरा आली, कशावरूनही ओरडायचे. भाजलेला पहिला तुकडा मात्र माझ्याच ताटात पडायचा.

रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत यांना लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी देवाला बोलले, यांना पायांनी घरी येऊ दे, मी मांस खाणं सोडते. काठी टेकत का होईना, हे चालत घरी आले. मी सोडलं. यांना सांगितलं, पित्त होतं.

पाय परत आला, पण माणूस आत कुठेतरी जाऊन बसला. जिभेला काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तरी बोलणं म्हणजे "हो", "नको", "चहा". ओरडणं तर बंदच. ते शांत घर मला खायला उठायचं. एकदा यांनी भट्टी पेटवली, तेव्हा निखारा डाव्या पायावर पडला आणि यांना कळलंही नाही. तेव्हापासून मुलाने धोशा लावला, ड्रम कबाडीवाल्याला देऊन टाकू. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून त्याचा आणखीच राग यायचा.

एका संध्याकाळी तो मोबाइलवर काहीतरी पाहत बसला होता. परदेशातला कोणी माणूस टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा पक्षी भरून ओव्हनमध्ये भाजत होता. मुलगा म्हणाला, "आपल्या ग्रिलवर हे होतच नाही. ऊपर से जल जाएगा, अंदर कच्चा."

"होते," हे म्हणाले.

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं.

"कसं होईन, बाबा?"

"होते म्हणलं ना!"

मुलगाही यांच्याच वळणाचा. म्हणाला, "ठीक आहे. झालं तर ड्रम राहीन. नाही झालं, तर कबाडी."

टर्की आणायची कुठून? मग बाहेर बदक, बदकात कोवळी कोंबडी आणि कोंबडीत मुठीत मावणारी बटेर, असं ठरलं. मार्केटातल्या खाटकाला तिन्हींची हाडं काढून मागितली, तर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. थरांच्या मध्ये भरायला चिन्नोर तांदळाचा भात, परतलेला कांदा आणि खोबऱ्याचा मसाला, एवढं मी करून दिलं.

पहिल्या रविवारी यांनी चूक केली ती अस्सल फर्नेसवाल्याची. इतकी वर्षं फर्नेसच्या झरोक्यातून स्लॅबचा रंग पाहूनच काम झालं की नाही ते सांगायची सवय. बदक वरून लालबुंद झालं, चकाकायला लागलं, आणि हे म्हणाले, "झालं." सुरी आत गेली तर कोंबडी गुलाबी, आणि बटेर तर जशी घातली तशी. मुलाने ड्रमकडे पाहिलं. हे खुर्चीत जाऊन बसले आणि पुन्हा गप्प झाले.

माझं डोकं फिरलं. "पुढच्या रविवारी परत करायचं," मी म्हटलं. "एका डावात कोनाचं झालं आहे? तुमच्या मिलमंधी एकही स्लॅब वाया नाही गेला का?"

"गेले," हे म्हणाले. "लय गेले."

"मंग?"

तो आठवडा यांच्या डोक्यात तेच. जेवताना मध्येच म्हणायचे, "कोळसा खाली नाही पायजे. दोन्ही बाजूले पायजे." चहा पिताना, "मंधात पान्याचा ट्रे ठेवू. बदकाची चरबी गळते, भडका होते." मुलाने कोणी न सांगता मांसात टोचायचा लांब दांडीचा थर्मामीटर मागवला. कबाडी कबाडी करणारा तोच.

दुसऱ्या रविवारी मुलगा प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्टला गेला होता आणि भरलेलं बदक शिवायचं राहिलं होतं. यांनी उजव्या हातात दाभण घेतला, पण डाव्याने कातडी धरवेना. पुन्हा पुन्हा सुटली. शेवटी दाभण ताटात टाकून दिला.

मी पदर खोचला. "सरका."

"तुले चालत नाही ना?"

"खायाले चालत नाही. टाके घालाले चालते."

देवाशी माझं बोलणं खाण्यापुरतंच झालं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. कातडी गार आणि निसरडी होती, मला किळस आली, तरी गोधडीला घालते तसे जवळजवळ टाके घातले. मग यांच्या पायांत प्लांटचे जुने सेफ्टी शूज चढवले आणि म्हटलं, आता पडू द्या किती निखारे पडायचे ते.

झाकण लागलं. धूर यायला लागला, दुपार कलली, आणि माझा धीर सुटला. जरा पाहू म्हणून मी झाकण उचललं.

"झाकण लाव! सगळी आच बाहेर काढून राहिली! किती डाव सांगू तुले!"

भिंतीपलीकडून शेजारीण धावत आली. "क्या हुआ, भाभी?"

"कुछ नहीं, डाँट रहे हैं," मी म्हणाले आणि तिच्यासमोरच रडायला लागले. इतका आनंद मला यांच्या कुठल्या गोड बोलण्यानेही कधी झाला नव्हता.

मुलगा ड्यूटीवरून आला, त्याने थर्मामीटर थेट बटेरपर्यंत टोचला, आकडा पाहिला आणि मान हलवली. यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. थोडा वेळ तसंच राहू देऊन मग कापलं. बदक, भात, कोंबडी, भात, बटेर, अगदी मध्यापर्यंत शिजलेलं. "ड्रम राहू दे, बाबा," मुलगा ताट पुढे करत म्हणाला.

पहिला तुकडा सवयीने माझ्या ताटात पडला. "खा."

"मले पित्त होते."

"काही नाही होत. खा!"

मग मी खरं काय ते सांगून टाकलं, मुलासमोरच. यांचे डोळे भरले. हे ताटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा गप्प होतील. यांनी तो तुकडा उचलून मुलाच्या ताटात टाकला आणि त्याच्यावरच ओरडले, "उद्या मार्केटातून कोहळं आन. मोठं पाहून आन. कोहळ्यात शिमला मिरची, मिरचीत टमाटर, टमाटरात पनीर. तुही आई का माह्या भट्टीवरचं खाल्ल्याबिगर राहीन?"