आखाजीच्या पांढऱ्या भिंती

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. देवळ्याहून कळवणकडे जाताना लागते ती एक छोटी वस्ती… आणि तिथे माझी नोकरी जवळजवळ गेलीच होती. गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझी पहिली नोकरी, तीही टेंपररी.

काम काय, तर देवीचे रोगी शोधायचे. तो फोडांचा जीवघेणा आजार तेव्हा आपल्याकडून गेल्यातच जमा होता, पण 'गेला' असं नुसतं म्हणून चालत नाही ना… दार न् दार वाजवून खात्री करायची होती. आता मंकीपॉक्सच्या बातम्यांत सांडपाण्याची तपासणी, लॅबचे रिपोर्ट असलं काय काय वाचते. आमच्याकडे होतं एक कार्ड, गेरूचा डबा आणि स्वतःचे दोन पाय.

कार्डावर अंगभर फोड आलेल्या एका बाळाचा फोटो. तो दाखवून विचारायचं, असं कुणी पाहिलंत का? देवीचे फोड तळहातावर, तळपायावरही येतात, कांजिण्यांचे तिथे सहसा येत नाहीत… हे मी दिवसातून इतक्यांदा सांगायचे की वस्त्यांवर माझं नावच 'फोडवाल्या बाई' पडलं. लग्न व्हायचं होतं हो माझं, विचार करा.

घर तपासून झालं की दाराशेजारी भिंतीवर गेरूने लिहायचं… तारीख, घरातली माणसं किती, आणि खाली सही. मग काही दिवसांनी नाशिकहून साहेब येऊन काही वस्त्या पुन्हा बघायचे. भिंतीवर खूण आहे का, बायकांनी कार्ड पाहिलंय का, सगळं विचारायचे. कुणी एसटी स्टँडवर चहा पीत फॉर्म भरले आणि एखादं आजारी मूल राहून गेलं, तर सगळ्यांचीच मेहनत पाण्यात जायची.

त्या वस्तीवर मी आखाजीच्या आठ दिवस आधी गेले होते. एकही घर सोडलं नव्हतं, शप्पथ.

साहेबांबरोबर पोचले आणि बघते तर काय… सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र. सणासाठी बायकांनी पांढऱ्या मातीने घरं पोतारली होती, माझ्या सह्यांसकट! साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

म्हटलं, ठीक आहे, बायकांना विचारू. पहिल्या दारात एक हसरी तरुण बाई उभी होती. कार्ड पाहिलंय का? नाही. या बाई आल्या होत्या का? नाही. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच…

चौथ्या दाराशी डोक्यात प्रकाश पडला. आखाजीला लेकी माहेरी येतात! ज्या सुनांना मी कार्ड दाखवलं होतं त्या सगळ्या आपापल्या माहेरी झोके घेत होत्या, आणि दारात होत्या त्या सासरहून आलेल्या लेकी. त्यांनी मला कुठून पाहिलं असणार? म्हाताऱ्या सासवा होत्या, पण त्यांचं म्हणणं, मलेरियावाले येतात, गोळ्यावाले येतात, कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवायचं…

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कारण पटतंय. पण कागदाला पुरावा लागतो, बाई."

कागदावर 'भेट दिलेली नाही' असा शेरा पडला की माझं नाव यादीतून कमी. आणि नाशकात आमचे दादा, म्हणजे माझे वडील, भेटेल त्याला सांगत होते की माझी लेक हेल्थमध्ये आहे. काम करूनही खोटी ठरणार होते… डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

एक घर राहिलं होतं. त्याचीही भिंत पांढरी… पण दाराशेजारी पाटीएवढा चौकोन तसाच सोडलेला. त्यात माझी तारीख, माझा आकडा, माझी सही. त्यावर माती जाऊ नये म्हणून कडेने नुसत्या बोटांनी पोतारलेलं दिसत होतं.

आतून एक बाई आली, हातात तान्हं बाळ. तिसरी मुलगी, अजून महिन्याचीही नव्हती, म्हणून या बाळंतिणीला यंदा माहेरी जाता आलं नव्हतं. साहेबांनी कार्डाबद्दल विचारलं तर हिने घडाघडा सांगितलं… तळहात, तळपाय, सगळं. मग त्यांनी विचारलं, भिंतीचा एवढाच भाग का सोडलात?

ती हळू आवाजात म्हणाली, "बाईंनी माणसं इचारली तवा सासू बोलली, सहा. ही आत रडली, तर बाईंनी सात लिवले. मंग मी ते कसं पुसू?"

तिला वाचता येत नव्हतं. शाळेत जाणाऱ्या थोरलीकडून तिने तो आकडा वाचून घेतला होता. मला तर त्यातलं काही आठवतही नव्हतं… रडण्याचा आवाज आला, म्हणून मी मोजलं, एवढंच.

साहेबांनी बाळाची मूठ हलकेच उघडून तळहात बघितला, दुसरा बघितला, तळपाय बघितले. सगळं स्वच्छ. कागदावर लिहिलं, 'भेट दिली. माणसे सात.' बाकीच्या घरांचं सुना परतल्यावर बघू म्हणाले, आणि खरंच पुन्हा आले.

माझी नोकरी टिकली. पुढे पर्मनंट झाले, रिटायर होईपर्यंत कितीतरी दारं वाजवली… पण माणसं किती हे विचारण्याआधी, आत कुणी रडतंय का ते ऐकून घ्यायची सवय मला त्या माउलीने लावली. तिचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले. ते आज मानते.