लालासाहेबांचं घटनापीठ

लोणंदच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि लालासाहेब शेळके, ही माझी तीन कामं. पहिल्या दोन्हींत समोरचा माणूस गप्प बसतो, एवढाच फरक.

लालासाहेब फौजेत कारकून होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मग साताऱ्याला खेपा घालून वकिलीची पदवी मिळवली. कोर्टात ते फारसे गेले नाहीत, कारण तिथं समोरचा वकीलही बोलतो. त्यापेक्षा दर रविवारी ते माझ्या स्टुडिओत येत, काळा कोट चढवत आणि सर्वोच्च न्यायालयातल्या घटनेच्या खटल्यांवर कॅमेऱ्यापुढं भाष्य करत. मागच्या भिंतीवर नवरा-नवरींसाठी महाबळेश्वरचा देखावा होता. साहेबांनी तो उतरवायला लावून तिथं सर्वोच्च न्यायालयाच्या घुमटाचा फ्लेक्स लावून घेतला. आता बारशाचे फोटोही त्या घुमटाखाली निघतात. गिऱ्हाईक विचारतं, बशीरभाई, ही कुठली मशीद?

साहेबांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. माणसाचं शरीर त्याचं, घर त्याचं, जमीन त्याची, धंदा त्याचा. सरकारनं कशातच बोट घालायचं नाही. चॅनेलचं नावच 'हात काढा' आणि प्रत्येक भाग याच आरोळीनं संपायचा. आरोळी ठोकून झाली की साहेब फौजेच्या कॅन्टीनमध्ये स्वस्तातलं सामान भरायला जात. पेन्शन जमा व्हायला जरा उशीर झाला की सरकार झोपलंय काय, असं मलाच विचारत. मी एकदा म्हणालो, साहेब, त्यांनी हात काढला असंल. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त खुणांनी बोलणं चाललं होतं.

थट्टा करतो, पण त्यांचं मूळ दुखणं खरं होतं. त्यांचे वडील कोंडीबा यांच्या शेताची एक पट्टी रस्त्यात गेली. म्हातारा सकाळी रानात गेला तर बांधाच्या आत खुंटे ठोकलेले. मोबदला पुढं कधीतरी आला, पण 'मला इचारलं का न्हाई' हे कोंडीबा मरेपर्यंत म्हणत राहिले. साहेबांनी बापाचं ते वाक्य उचललं आणि थेट दिल्लीपर्यंत नेलं. वाटेत स्वतःचं घर लागतं, तिथं मात्र थांबले नाहीत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, या निकालावर बोलताना साहेबांनी टेबल बडवून विचारलं होतं की माझ्या घरात काय शिजतं हे विचारणारं सरकार कोण? त्यांच्या घरात काय शिजतं ते साहेबच ठरवतात. एका रविवारी रंगुबाई वहिनींनी न विचारता कारल्याची भाजी केली, तर साहेब ताटावरून उठून माझ्याकडं आले. त्या दिवशीचं भाषण उपाशीपोटी झालं आणि फार जहाल झालं.

मग खासगी मालमत्तेचा मोठा निकाल आला. प्रत्येक खासगी मालमत्ता सरसकट समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असं नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं बहुमतानं ठरवलं. साहेबांनी पेठेत पेढे वाटले, जणू खटला त्यांनीच चालवला होता. त्या भागाखाली पहिल्यांदाच एक खरा प्रश्न आला. एरवी तिथं वर केलेले अंगठे आणि गुलाबाची फुलंच यायची. प्रश्न 'एक बहीण, सांगली जिल्हा' या नावानं होता: वडिलांच्या जमिनीवरचं माझं नाव काढायला भाऊ हक्कसोडपत्र मागेल असं दिसतंय, मी काय करावं?

आमच्या भागात हक्कसोड म्हणजे कागद कमी आणि रीत जास्त. बाप गेला की बहिणीनं सही करून आपला वाटा भावाला सोडायचा, भावानं साडीचोळी करायची. न करणारीला माहेर तुटतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलत नाही.

साहेब मात्र पेटले. प्रश्न विचारणारी मिळाली याचाच त्यांना हर्ष झाला होता. ते कॅमेऱ्यात रोखून म्हणाले, "ताई, सही करू नका. दुसऱ्याच्या मालकीवर हात टाकणारा भाऊ असो की सरकार, तो चोरच. माहेर तुटायची भीती घालून घेतलेली संमती ही संमती नव्हे." आणि मग तीच आरोळी.

सांगली जिल्ह्यात बहिणी काय थोड्या आहेत? पण त्यातली एक साहेबांची सख्खी आहे, चंद्राबाई, विश्रामबागेत मुलाकडं राहणारी थोरली आक्का, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बहिणीलाही घटना लागू असते, हे त्यांनी कुठं वाचलं नसावं.

उन्हाळ्यात पुण्याच्या एका गोदामवाल्याला रस्त्याकडेचं ते शेत आवडलं. ज्या रस्त्यानं बापाला छळलं त्याच रस्त्यानं जमिनीला भाव आणला होता. पण त्याला कागद स्वच्छ हवा होता आणि सातबाऱ्यावर कोंडीबांचे वारस म्हणून दोन नावं होती, लालासाहेब आणि चंद्राबाई. चंद्राबाईंचं नाव आयुष्यात दुसरीकडं कुठंच लागलं नव्हतं. नवऱ्याच्या घरावर सासऱ्याचं होतं, विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या दारावर मुलाचं आहे. तेवढी एक ओळ खोडायची म्हणून साहेब गाडी घेऊन सांगलीला गेले आणि आक्काला घेऊन आले. सोबत एक साडी घेतली. पैठणी नव्हे, पैठणीच्या जवळपास जाणारा काठ होता.

साक्षीदार म्हणून त्यांनी मला खंडाळ्याला, तालुक्याच्या दस्तनोंदणी कचेरीत नेलं. वाटेत साहेब राज्यसत्तेच्या मर्यादांवर बोलत होते. आक्का मांडीवर साडीची पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना एकदाही कुणी विचारलं नव्हतं, की तुम्ही देताय का? 'सही करायला चल' एवढंच सांगितलं होतं, आणि त्या 'येते' म्हणाल्या होत्या.

आमच्याकडं निकाहात मुलीला 'कबूल है?' विचारतात. दोन साक्षीदार असतात, बाहेर बिर्याणीला वाफ आलेली असते. नाही म्हणायची सोय असते, पण रीत नसते. खंडाळ्याच्या कचेरीतही तोच शब्द. तिथल्या साहेबांनी दस्त पुढं सरकवला आणि मान वर न करता विचारलं, "आजी, हा दस्त कबूल आहे का?" लालासाहेबांनी अंगठ्याच्या यंत्राकडं आक्काचा हातसुद्धा धरून नेला होता.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "हात काढ, लाला."

मला वाटलं, माझ्याच कानात ती आरोळी बसलीय. आक्कांनी कचेरीतल्या साहेबांकडं बघून सांगितलं, की कबूल न्हाई. मग भावाकडं वळल्या.

"सांगली जिल्ह्यातल्या त्या बाईला तू काय सांगितलंस? मीच ती. संयोगितानं, माझ्या नातीनं, लिहून दिलं. भावाला इचारायची लाज वाटली, म्हून वकिलाला इचारलं."

लालासाहेब म्हणाले, की ते तत्त्वाचं बोलणं होतं, घरचं वेगळं. कचेरीतल्या साहेबांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली. आक्कांनी पिशवी काखेत घेतली.

"साडी मातुर मी ठिवून घेते," त्या म्हणाल्या. "ती तू सवखुशीनं दिलीयास."

गोदामवाला दुसरीकडं गेला. पुढच्या रविवारी साहेबांना नवा साक्षात्कार झाला. मुलींना बापाच्या जमिनीत बरोबरीचा वाटा देणारा कायदा म्हणजे सरकारनं कुटुंबात घातलेला हात, असं त्यांनी घुमटाखाली उभं राहून सांगितलं. जमीन खासगी, कुटुंब खासगी, तेव्हा बहिणीचा वाटाही खासगी, म्हणजे भावाकडं. मी कॅमेऱ्यामागून म्हणालो, साहेब, मग कोंडीबांच्या रानात खुंटे ठोकणाऱ्यांचं काय चुकलं? साहेब म्हणाले, लाइट नीट लाव.

त्यांनी आक्काला फोन करणं सोडलं. वहिनींना बजावलं, की दिवाळीला ती आली तर उंबरा ओलांडू द्यायचा नाही. वहिनी बरं म्हणाल्या. त्यांचं 'बरं' कसं असतं हे कारल्याच्या भाजीपासून मला माहीत होतं.

भाऊबीजेला स्टुडिओत गर्दी, म्हणून साहेबांनी मला घरी बोलावलं. पुढच्या सोप्यात खुर्ची मांडली, काळा कोट घातला. विषय होता घर आणि त्याची अभेद्यता. ते रंगात येऊन सांगत होते, की ज्याचं घर त्याचीच परवानगी, त्याशिवाय या उंबऱ्याच्या आत कुणालाही पाऊल टाकता येणार नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. आक्का आल्या. अंगावर तीच साडी, हातात ओवाळणीचं ताट. वहिनींनी आधीच दारात पाट मांडून ठेवला होता.

आक्का उंबरा ओलांडून सोप्यात आल्या आणि उभ्या राहिल्या. साहेबांनी कॅमेऱ्याकडं बघतच आवाज चढवला. "तुला आत यायची परवानगी कुणी दिली?"

"परवानगी कसली रं," आक्का म्हणाल्या. "घरबी बाबाचंच, निम्मं माझं हाय. मी माझ्या निम्म्यात उभी हाय. तू तुझ्या निम्म्यातनं जरा फुडं ये, डोस्क्यावर कायतरी घाल, ओवाळायचं हाय. बाबाला कुणी इचारलं न्हाई म्हून तू जलमभर वरडतोयस. मलाबी कुणी इचारलं न्हवतं, लाला."

निरांजन वाऱ्यानं हलत होतं. वहिनींनी पदरानं आडोसा केला. मी कॅमेरा चालूच ठेवला आणि साहेबांनीही तो बंद करायला सांगितला नाही. मग त्यांनी काळा कोट उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि माझी टोपी कुठं ठेवली, असं वहिनींना विचारलं.